बदलीवरचा प्राणी : परळच्या प्रायोगिक शस्त्रक्रियेचे एक वाचन

मुंबईच्या वैद्यकीय इतिहासाविषयी लिहिताना केईएम रुग्णालयातील १९६८ च्या हृदयप्रत्यारोपणाचा उल्लेख सहसा टाळला जात नाही. तो उल्लेख कसा केला जातो, हे मात्र तपासून पाहण्यासारखे आहे. केपटाऊनच्या ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी माणसाचे हृदय माणसाला बसवण्याची जगातली पहिली शस्त्रक्रिया केली. त्यानंतर जेमतेम अडीच महिन्यांनी, फेब्रुवारी १९६८ च्या मध्यावर, परळला डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच केले. बर्नार्ड, न्यूयॉर्कचे कान्ट्रोविट्झ, स्टॅनफर्डचे शमवे आणि मग सेन, असा हा क्रम. शल्यचिकित्सक म्हणून सेन चौथे, शस्त्रक्रिया म्हणून ती सहावी. रुग्ण सुमारे तीन तास जगला.

इथून पुढे लिहिणाऱ्यांचे दोन पंथ होतात. एक पंथ ‘भारतातील पहिले’ या शब्दांशी थांबतो आणि तीन तासांचा उल्लेख हळूच कंसात टाकतो. दुसरा पंथ त्या तीन तासांवरच बोट ठेवतो आणि विचारतो, की ज्या शहरात साध्या क्षयाच्या रुग्णाला खाट मिळत नव्हती, तिथे हा खटाटोप हवा होता कशाला? डेव्हिड जोन्स आणि कविता शिवरामकृष्णन यांनी २०१८ मध्ये या शस्त्रक्रियेवर एक साक्षेपी इंग्रजी शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकात त्यांनी ‘बकनिअर्स’, म्हणजे दर्यावर लूट करणारे धाडसी चाचे, असा शब्द योजला आहे. निबंध गंभीर आहे. सेन यांना इतक्या लवकर हे जमले कसे, माणसे कशी तयार केली, यंत्रे कशी मिळवली, मेंदूमृत्यूच्या प्रश्नावर सरकारशी बोलणी कशी सुरू केली, हे सारे प्रश्न तो विचारतो. मराठीत त्या तोडीचे काम झालेले नाही, हे आपण मान्य केले पाहिजे. तरीही त्या शीर्षकाने वाचकाची नजर माणसाच्या महत्त्वाकांक्षेवर खिळते आणि तिथेच राहते.

दोन्ही पंथांच्या नजरेसमोर एकच रात्र आहे. मला त्या रात्रीआधीची काही वर्षे महत्त्वाची वाटतात. त्या वर्षांत परळच्या प्रायोगिक शस्त्रक्रियेच्या टेबलावर माणूस नव्हता, कुत्रा होता. या कुत्र्याने शल्यचिकित्सकांना नेमके काय शिकवले आणि काय शिकवणे त्याला शक्यच नव्हते, हा या लेखाचा विषय आहे. हे दोन हिशेब वेगळे न ठेवल्यामुळे आपले कौतुकही ढिले होते आणि टीकाही, असे माझे म्हणणे आहे.

रुग्ण, कारखाना, बदली

परळ म्हटले की गिरण्या आठवतात. पण याच भागात माणूस आणि जनावर यांच्यातले तीन निरनिराळे व्यवहार एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर उभे राहिले. पहिला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालयाचा आणि त्याच्या जोडीने १८८६ मध्ये सुरू झालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयाचा. तिथे जनावर हाच रुग्ण. दुसरा हाफकिन यांच्या प्रयोगशाळेचा. प्लेगच्या काळात ती परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ मध्ये आली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. सर्पविषाच्या वाढत्या मात्रा टोचून घोड्याच्या रक्तातून प्रतिविष काढण्याचे शास्त्र आपल्याकडे या संस्थेच्या नावाशी जोडले गेले. तिथे जनावर हा जिवंत कारखाना. घोडा जगतो, त्याला पोसावे लागते, आणि त्याचे रक्त पुन्हा पुन्हा घेतले जाते.

तिसरा व्यवहार सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालय यांचा. ही जोडी १९२५-२६ मध्ये उभी राहिली. इथल्या वैद्यकीय जागांवर भारतीयच नेमले जावेत, अशी देणगीदारांची अट होती. आपल्या हातांना गोऱ्या हातांइतकेच येते हे सिद्ध करण्याची ईर्षा या संस्थेच्या पायातच आहे, आणि ती ध्यानात घेतल्याशिवाय १९६८ समजत नाही. या तिसऱ्या व्यवहारात जनावर रुग्ण नसते आणि कारखानाही नसते. ते माणसाच्या जागी उभे केलेले असते.

गिरणगावात यासाठी एक नेमका शब्द आहे, बदली. कायम कामगार गैरहजर राहिला की गिरणीच्या दारावर थांबलेल्यांतून एकाला आत घेत. साचा तोच, पाळी तीच, बोट तुटण्याचा धोका तोच, पण मस्टरवरची जागा दुसऱ्याची. प्रायोगिक शस्त्रक्रियेतला कुत्रा असाच माणसाच्या बदलीवर असतो. ही तुलना एका टोकाला तुटते, हे आधीच सांगितलेले बरे. बदली कामगार दारावर स्वतःच्या पायांनी येत असे, तो संपात उतरू शकत असे, आणि त्याच्या खिशात बदलीचे कार्ड तरी असे. कुत्र्याला यातले काहीच नाही. मग जे त्याला बदलीवर घेतात त्यांच्यावर एक जबाबदारी येते : कोणत्या कामासाठी त्याला घेतले आणि त्या कामाला तो खरोखर योग्य होता का, याचा जमाखर्च त्यांनी ठेवला पाहिजे.

‘साहित्य’ या शब्दाचे दोन अर्थ

वैद्यकीय शोधनिबंध हाही एक लेखनप्रकार आहे आणि त्याचे संकेत कवितेइतकेच पक्के आहेत. त्यात एक प्रकरण ठरलेले असते : ‘साहित्य आणि पद्धती’. त्या काळातल्या शस्त्रक्रियेच्या निबंधांत या मथळ्याखाली कुत्र्यांची एकूण संख्या येते, किलोमध्ये वजन येते, नर-मादी येते, ‘मिश्र जातीची’ असा शेरा येतो. मग कोणती भूल दिली, कोणत्या फासळ्यांमधून छाती उघडली, कोणता धागा वापरला. जनावर इथे ‘साहित्य’ आहे, म्हणजे सामग्री. आपण दिवाळी अंक वाचणारे लोक याच शब्दाचा वेगळा अर्थ घेऊन जगतो, आणि म्हणूनच या प्रकरणाकडे आपण साहित्याच्या वाचकांसारखे पाहावे असे मला वाटते.

तसे पाहिले तर पहिली गोष्ट लक्षात येते ती कर्मणी प्रयोगाची. छाती उघडली गेली, रक्तवाहिनी बांधली गेली, प्राणी मारला गेला. करणारा कोणी दिसत नाही. दुसरी गोष्ट काळाची. शस्त्रक्रियेचे काही तास सविस्तर असतात. त्यानंतरचे दिवस आणि रात्री एका वाक्यात जातात : इतके प्राणी जगले, इतके दगावले. प्रायोगिक शस्त्रक्रियेत खरी परीक्षा टाके घातल्यानंतर सुरू होते. नळी काढल्यावर श्वास चालतो का, दुसऱ्या दिवशी प्राणी पाणी पितो का, तिसऱ्या दिवशी उभा राहतो का? निबंधात जो भाग सर्वांत छोटा, तोच भाग प्रत्यक्षात सर्वांत लांब.

हा दोष सेन यांच्या गटाचा किंवा भारताचा नव्हे. बॉस्टनपासून मॉस्कोपर्यंतचे त्या काळातले निबंध असेच लिहिले गेले. हा संकेत विज्ञानाच्या सोयीचा आहे, कारण दुसऱ्याला तोच प्रयोग पुन्हा करता यावा यासाठी लागते तेवढेच त्यात ठेवलेले असते. मात्र पुढे इतिहास लिहिणारा जेव्हा हाच निबंध एकमेव पुरावा मानतो, तेव्हा निबंधाने गाळलेले सारे इतिहासातूनही गळते.

हाताचा गुरू

आता पहिला हिशेब, कुत्र्याने काय शिकवले याचा.

हृदय बदलायचे म्हणजे अनेक मोठ्या रक्तवाहिन्या कापून पुन्हा जोडायच्या. प्रत्येक जोडाला वेळ लागतो, आणि रक्ताविना ठेवलेल्या हृदयाजवळ वेळच नसतो. स्टॅनफर्डला रिचर्ड लोअर आणि नॉर्मन शमवे यांनी कुत्र्यांवर काम करून यावरची वाट पक्की केली. जुन्या हृदयाच्या दोन्ही कर्णिकांच्या मागच्या भिंती, त्यांत उघडणाऱ्या शिरांसकट, जागेवरच ठेवायच्या आणि नवे हृदय त्या भिंतींना शिवायचे. मग उरतात फक्त महाधमनी आणि फुप्फुसधमनी. काढलेले हृदय थंड खारट पाण्यात ठेवायचे. १९६० मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांचा एक कुत्रा तीन आठवड्यांपर्यंत जगला होता. त्याच्याही आधी मॉस्कोत देमिखोव्ह यांनी कुत्र्यांवर अवयव जोडण्याचे अचाट प्रयोग केले होते. बर्नार्ड यांनीही केपटाऊनच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवरच हात बसवला. परळचा गटही १९६८ पूर्वी याच वाटेने चालत होता.

मुंबईला तर आणखी एक शिक्षण स्वतःच उभे करायचे होते. हृदय-फुप्फुस यंत्र अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात विकत मिळू लागले, पण परकीय चलनाच्या निर्बंधांमुळे ते इथे आणणे अवघड होते. जोन्स आणि शिवरामकृष्णन यांच्याच दुसऱ्या एका निबंधात ही हकीकत आहे. डॉ. केरसी दस्तूर यांनी पारशी ओळखीपाळखीतून स्थानिक कारखानदारांचे कसब मिळवले, तर सेन यांनी रॉकफेलर प्रतिष्ठानच्या मदतीने प्रशिक्षण आणि यंत्रे मिळवली. १९६२ मध्ये मुंबईतल्या दोन रुग्णालयांत अशा यंत्रांवर उघड्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. यंत्र विकत मिळते, पण यंत्र चालवणारा, भूल देणारा, रक्त गोठू न देणारा आणि टाके घालणारा यांचा मेळ विकत मिळत नाही. तो जिवंत शरीरावरच जुळवावा लागतो. प्रेत यासाठी निरुपयोगी, कारण त्याच्यात रक्त वाहत नाही. उंदीर निरुपयोगी, कारण त्याच्या महाधमनीवर माणसाचा टाका बसत नाही. मोठा प्राणी लागतो तो यासाठी.

सहावे प्रत्यारोपण परळला होऊ शकले यामागचे एक साधे कारण हे आहे. फेब्रुवारीत ते हात नवखे नव्हते.

आजाराचा साक्षीदार?

दुसरा हिशेब अधिक बोचरा आहे. परळचा रुग्ण तीन तासांत गेला तो टाके सुटले म्हणून नव्हे. त्याच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा विरोध वाढलेला होता, आणि नव्या हृदयाच्या उजव्या कप्प्याला तो पेलला नाही.

हे समजून घेणे अवघड नाही. हृदयाची डावी बाजू वर्षानुवर्षे थकत गेली की मागे रक्त साचते, फुप्फुसांतला दाब वाढतो आणि तिथल्या वाहिन्या जाड होतात. रुग्णाच्या स्वतःच्या हृदयाचा उजवा कप्पा हळूहळू या चढाला सरावतो. दात्याचे हृदय मात्र निरोगी माणसाचे असते. सपाट रस्त्यावर चालण्याची सवय असलेल्याला एका क्षणात घाट चढायला लावावे, तसे त्याचे होते. पुढे जगभर प्रत्यारोपणाआधी हा विरोध मोजणे नित्याचे झाले.

आता प्रयोगशाळेतला कुत्रा आठवा. तो रस्त्यावरचा असेल, अशक्त असेल, पण त्याचे हृदय वर्षानुवर्षे निकामी होत गेलेले नव्हते. निरोगी कुत्र्याचे हृदय काढून दुसऱ्या निरोगी कुत्र्याला बसवले, तर घाट मध्ये येतच नाही. असे शंभर प्रयोग केले असते तरी ही सूचना मिळाली नसती. प्रयोग कमी पडले असे इथे म्हणता येत नाही. जो प्रश्न विचारायला हवा होता, त्याचे उत्तर त्या बदलीच्या शरीरात नव्हते.

हेच दुसऱ्या एका कामात अधिक स्पष्ट दिसते. सेन, टेहमटन उडवाडिया, परुळकर आणि विकृतिशास्त्र विभागातील सहकारी यांनी १९६५ मध्ये अमेरिकेतल्या एका मान्यवर नियतकालिकात एक नवी कल्पना मांडली. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयात स्नायूला बरेचसे रक्त थेट आतल्या कप्प्यातून मिळते. मग माणसाच्या हृदयाची धमनी बुजली असेल, तर स्नायूला सुईने आरपार छिद्रे पाडून आतले रक्त तिथे का पोहोचवू नये? त्यांनी याला हृदयस्नायूचे ‘ॲक्युपंक्चर’ म्हटले आणि ते कुत्र्यांवर करून पाहिले. कल्पना सुंदर होती, आणि ती परळची होती. १९६८ मध्ये त्यांनी पुढचा अहवालही दिला. वीसेक वर्षांत सुईची जागा लेझरने घेतली आणि १९९८ मध्ये अमेरिकेत या उपचाराच्या यंत्राला परवानगीही मिळाली.

पण कुत्र्याच्या हृदयाला एक देणगी आहे. त्याच्या धमन्यांमध्ये आपसांत जोडणाऱ्या आडवाटा पुष्कळ असतात. एक धमनी बांधली तरी शेजारची तिच्या प्रदेशाला काही प्रमाणात रक्त पुरवते. डुकराच्या हृदयात अशा आडवाटा फार थोड्या, आणि निरोगी माणसाचे हृदय या बाबतीत डुकराच्या जवळचे. म्हणून कुत्रा वाचला तर तो उपचाराने वाचला की स्वतःच्या आडवाटांनी, हे वेगळे करणे फार कठीण. पुढे छिद्रे बुजून जातात असे आढळत गेले, आणि धमनीतून नळी घालून केलेल्या लेझर उपचाराची जेव्हा लटक्या उपचाराशी तुलना झाली, तेव्हा त्याचा अधिकचा फायदा दिसला नाही. आज हृदयविकाराच्या संशोधनात डुकराला पसंती मिळते, त्यामागे हा धडा आहे.

तात्पर्य असे, की परळचा कुत्रा हाताचा चांगला गुरू होता आणि आजाराचा अपुरा साक्षीदार. पहिल्या पंथाने त्याच्या गुरुपणाची नोंद घेतली नाही, आणि दुसऱ्या पंथाने सेन यांच्या अपयशात महत्त्वाकांक्षा पाहिली, साक्षीतली ही उणीव पाहिली नाही.

एक उलटे उदाहरण

यावरून मोठ्या प्राण्यांवरचे प्रयोग फसवेच असतात, असा निष्कर्ष कोणी काढील. तो घाईचा ठरेल. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली हृदयाची कृत्रिम झडप तयार झाली. आज ती चित्रा झडप म्हणून ओळखली जाते आणि परदेशी झडप न परवडणाऱ्या रुग्णांना तिने जीवदान दिले आहे. तिचे आधीचे नमुने एकामागून एक नापास झाले. एका नमुन्यातली चकती नीलमाची होती. यंत्रावरच्या झिजेच्या चाचणीत ती टिकाऊ दिसली, आणि मेंढीच्या हृदयात बसवल्यावर फुटली. माणसात ती बसली ६ डिसेंबर १९९० रोजी, साहित्य बदलल्यानंतर.

इथे मेंढीला विचारलेला प्रश्न तिच्या शरीराला उत्तर देता येण्याजोगा होता : ही वस्तू धडधडणाऱ्या हृदयात टिकते की तुटते? मेंढीचे हृदय आकाराने आणि दाबाने माणसाच्या जवळचे, आणि झडपेला आजाराशी देणेघेणे नव्हते. मेंढीने ‘तुटते’ असे सांगितले आणि एका माणसाचा मृत्यू टळला. परळच्या कुत्र्याला आणि तिरुवनंतपुरमच्या मेंढीला एकाच मापाने मोजणारे कौतुक आणि एकाच मापाने मोजणारा धिक्कार, दोन्ही आळशी आहेत.

कायद्याची गाठ

१९६० चा प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा कायदा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या राज्यसभेतल्या चिकाटीतून आला. त्यातले सतरावे कलम प्रयोगांविषयी आहे. शक्य तिथे प्रयोग टाळावेत. लहान प्राण्यांवर भागत असेल तर मोठे प्राणी घेऊ नयेत. शस्त्रक्रिया शक्यतो पुरेशी भूल देऊनच करावी. शुद्धीवर आल्यास फार यातना होतील असा प्राणी बेशुद्धीतच संपवावा. आणि शक्यतो निव्वळ हाताचे कसब मिळवण्यासाठी प्रयोग करू नयेत.

शेवटची सूचना वाचून थांबावे लागते. वर मांडलेला हिशेब खरा असेल, तर परळच्या कुत्र्यांचे सर्वांत निर्विवाद देणे हाताचे कसब हेच होते. नव्या ज्ञानाचा त्यांचा वाटा अधिक संदिग्ध निघाला. कायद्याने ज्या कारणाला सर्वांत खालचा दर्जा दिला, त्याच कारणाने रुग्णांना सर्वांत जास्त मिळाले. कायदा चुकला असे मी म्हणत नाही. कसबासाठी जनावर वापरायला एकदा मोकळीक दिली, की दरवर्षी प्रत्येक वर्गातल्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक जनावर लागेल, ही भीती कायदा करणाऱ्यांच्या मनात असणार आणि ती रास्तच आहे. मात्र या कलमाचा एक नकळत परिणाम संभवतो : हाताचा सराव हा हेतू असलेला प्रयोग कागदावर ‘नव्या ज्ञानाचा’ म्हणून मांडला जाऊ शकतो. मग जनावरही जाते आणि नोंदही खोटी होते.

आज परिस्थिती बदलली आहे. १९९८ च्या नियमांनी नोंदणी सक्तीची केली. प्रत्येक संस्थेत प्राण्यांविषयीची नैतिक समिती असते. प्रयोगातून जगलेल्या मोठ्या प्राण्याच्या पुनर्वसनाचा खर्च प्रयोगाच्याच खर्चात धरावा, असे धोरण आले. बदलीवर राबलेल्याला काही देणे लागते, हे कागदोपत्री तरी मान्य झाले. कसबासाठी रबराची हृदये, संगणकावरची आभासी शस्त्रक्रिया आणि खाटिकखान्यातून आणलेली डुकराची हृदये वापरता येतात. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्येच पर्याय शोधा, संख्या घटवा, वेदना कमी करा ही त्रिसूत्री मांडली होती. त्यातला ‘पर्याय’ हाताच्या शिक्षणात आज बराचसा शक्य आहे. आजाराच्या बाबतीत तो अजून दूर आहे. २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेत जनुके बदललेल्या डुकराचे हृदय एका माणसाला बसवले गेले आणि तो सुमारे दोन महिने जगला. त्याआधीची वर्षे बबून माकडांवर गेली होती.

मामा

निबंधातून जनावराबरोबर आणखी कोणीतरी गळते. मुंबईच्या रुग्णालयांत वॉर्डबॉयला मामा म्हणतात आणि आयाबाईला मावशी. नाते तोंडावर असते, नाव नोंदीत नसते. वरळीच्या आमच्या बीडीडी चाळीत रुग्णालयांत काम केलेली माणसे मजल्यामजल्यावर भेटतात. त्यांतले एक वृद्ध गृहस्थ महापालिकेच्या एका रुग्णालयात प्राण्यांच्या खोलीवर होते. ते म्हणत, “ऑपरेशन डॉक्टरांचं, रात्र आमची. सकाळी साहेब येऊन विचारायचे, मामा, काय म्हणतोय तुमचा पेशंट? कुत्रा भिंतीकडे तोंड करून बसला की मला कळायचं, हा काही उद्या दिसत नाही. मी सांगायचो, ते लिहून घ्यायचे.”

‘लिहून घ्यायचे’ हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. शस्त्रक्रियेनंतरच्या ज्या दिवसांना निबंधात एक वाक्य मिळते, त्यांची निरीक्षणे अशा माणसांच्या डोळ्यांतून आलेली असतात. जनावराला आणि मेलेल्याला हात लावण्याचे काम आपल्याकडे कोणत्या वस्तीतल्या माणसांच्या वाट्याला येते, हे बीडीडी चाळीत कोणी समजावून द्यावे लागत नाही.

इतर देशांनी ही नावे उशिरा का होईना शोधली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय सहाय्यकाने कुत्र्यांवर सिद्ध केलेली शस्त्रक्रिया नोव्हेंबर १९४४ मध्ये निळ्या पडलेल्या बाळांसाठी वापरली गेली. पुढच्या वर्षीच्या निबंधात त्याचे नाव नव्हते. १९७६ मध्ये त्याला मानद डॉक्टरेट मिळाली, आणि ॲना नावाच्या त्या कुत्रीचेही चित्र तिथे लागले. केपटाऊनच्या हॅमिल्टन नाकी यांची गोष्ट मात्र सावध करणारी आहे. माळी म्हणून आलेला हा माणूस प्राण्यांच्या प्रयोगशाळेत कुशल हात ठरला. २००५ मध्ये ते वारले तेव्हा १९६७ च्या मानवी शस्त्रक्रियेतही ते होते असे जगभरच्या मृत्युलेखांत छापले गेले, आणि ते खरे नव्हते म्हणून मागे घ्यावे लागले. उपेक्षिताला न्याय देण्याच्या उत्साहात त्याच्या खऱ्या कामावर दंतकथेचे ओझे पडले. परळच्या मामांना नायक करण्याची म्हणूनच गरज नाही. त्यांचे काम जसे होते तसे नोंदले गेले तरी पुरे.

ती नोंद करण्याची मुदत संपत आली आहे. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या चाळी आता पाडल्या जात आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या वाटल्या गेल्या. एकशेसाठ चौरस फुटांतून मोठ्या घरात जाण्याचा आनंद खरा आहे, आणि त्याला नाव ठेवण्याचा अधिकार कोणा अभ्यासकाला नाही. पण सामान हलवताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या भंगारात जातात. त्यांत जुनी सेवापुस्तके, पगाराच्या पावत्या, बिल्ले, निरोप समारंभाचे फोटो असतात. अधिकृत कागद संस्थेकडे असतील, पण प्राण्यांच्या खोलीत रात्रपाळी कोणी केली याचा पुरावा अशाच पेट्यांत सापडण्याचा संभव अधिक.

दोन प्रश्न

२०२८ मध्ये परळच्या त्या शस्त्रक्रियेला साठ वर्षे होतील. स्मरणिका निघतील, भाषणे होतील, आणि बहुधा पुन्हा ‘पहिले’ आणि ‘तीन तास’ यांचीच उजळणी होईल. ती टाळायची असेल तर प्रायोगिक शस्त्रक्रियेच्या नोंदवह्या, जिथे शिल्लक असतील तिथे, अभ्यासकांना खुल्या व्हाव्यात. किती प्राणी, किती दिवस जगले, कोणत्या कारणाने गेले, रात्री कोण होते, हे त्यांतून मांडले जावे. यात सेन यांचा अवमान नाही. उलट या गटाने परळमध्ये किती चिकाटीने पाया घातला हे त्यातूनच दिसेल, आणि तीन तासांचे अपयश हलगर्जीपणाचे होते की ज्ञानाच्या मर्यादेचे, हेही ठरवता येईल.

दुसरी गोष्ट आजची आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांना मान्यता देणाऱ्या समितीत वैज्ञानिक नसलेल्या, पण समाजाचे भान असलेल्या एका सदस्याची जागा असते. शिक्षक, वकील, लेखक, या अंकाचा वाचक, कोणीही तिथे बसू शकतो. तांत्रिक भाषेने दबून जाऊन मान डोलावणे तिथे सोपे असते. अशा सदस्याला शस्त्रक्रियेचे शास्त्र येण्याची गरज नाही, दोन प्रश्न विचारता आले तरी पुष्कळ. या प्राण्याकडून तुम्हाला हाताचे शिक्षण हवे आहे की आजाराचे उत्तर? हाताचे शिक्षण हवे असेल, तर रबराचे किंवा खाटिकखान्यातले हृदय का चालत नाही? आणि आजाराचे उत्तर हवे असेल, तर हा आजार या प्राण्याच्या शरीरात खरोखर आहे का? परळमध्ये हे प्रश्न त्या काळी कोणी विचारले असते, तर कदाचित काही कुत्रे वाचले असते. फुप्फुसांतल्या त्या चढाकडेही कदाचित कोणाचे लक्ष वेळेत गेले असते.